मस्टरचं दुखणं

डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते अगदी साधं. सकाळी उठल्यावर अंग आखडतं का गं, आणि आखडलं तर मोकळं व्हायला किती वेळ लागतो? तपासणीच्या उंच टेबलावर पाय सोडून बसलेली भिंगरी, वय वर्षं नऊ, उत्तर द्यायच्या आधी जरा थांबली आणि तिनं बापाकडे पाहिलं. एवढंच. मग म्हणाली, "नाही आखडत," आणि पाय हलवायला लागली. आता डॉक्टरांसमोर मूल बापाकडे बघतं यात नवल ते काय? शंभरातली नव्वद मुलं बघत असतील. पण ती नजर बापाच्या चांगली ओळखीची होती. पाणीपुरवठ्याच्या खात्यात तो रजा विभागाचा मुख्य कारकून. आजारपणाच्या रजेचा अर्ज घेऊन जो कुणी त्याच्या टेबलापुढे उभा राहायचा तो तोंड उघडायच्या आधी असंच बघायचा. या माणसाला काय पटेल, किती पटेल, याचा अंदाज घ्यायचा. वीस वर्षं तो त्या नजरेवर पोट भरत आला होता. फरक एवढाच की तिथली माणसं दुखतंय म्हणण्याआधी तसं बघायची, आणि ही नाही म्हणण्याआधी.

 डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला, मग डाव्या, मग परत उजव्या. टाच मागे दुमडायला घेतली ती अर्ध्यावर अडली, आणि टाच अडली त्याच क्षणी भिंगरी हसली. चांगलं तोंडभर हसली, गुदगुल्या झाल्यासारखी. बाईंनी पाय हळूच सोडला आणि तिला वजन-उंची मोजायला परिचारिकेबरोबर बाहेर पाठवलं. मग त्यांनी टेबलावरची निळी वही त्याच्यापुढे सरकवली. रोज सकाळी अंग किती मिनिटं आखडलेलं होतं ते मुलीनं त्यात लिहायचं, असं चार महिन्यांपूर्वी ठरलं होतं. पानामागून पान शून्यं होती, एकसारखी गोल, खाली रेघ मारून.

"ही तीच भरते?"

"तीच भरते. मी रोज बघतो."

"रोज शून्य, आणि गुडघ्यात पाणी आहे. घोटाही सुजलाय."

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि शांतपणे सांगितलं म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. लहान मुलांचा संधिवात मुलं बऱ्याचदा लपवतात. दुखेल तो सांधा कमी हलवतात आणि त्याचीच सवय करून घेतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत सांध्यातली गादी, कूर्चा, झिजत राहते. वाढीचं वय आहे, सुजलेल्या गुडघ्याचा पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो. डोळ्यांचं तर आणखी अवघड. तिथं सूज आली तर बहुतेक वेळा दुखतही नाही, लालही होत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी यंत्राखाली डोळे तपासायचे. ते यंत्र करेल. पण बाकीचं मुलीनंच सांगायला हवं. आठवड्याची गोळी वाढवायची, का इंजेक्शन सुरू करायचं, कुठला सांधा किती वेळ अडतो, हे सगळं तिच्या सांगण्यावर. "आठ दिवसांनी परत आणा," त्या म्हणाल्या. "तोवर तिच्याकडून खरं काढा. तुम्हाला सांगेल ती." तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? माणसाच्या तोंडून खरं काढणं म्हणजे तर त्याच्या हातचा मळ. खात्यात त्याला सगळे 'एक्स-रे' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण त्याला कळेल इतपत मोठ्यानं, आणि ते त्याला आवडायचं.

शाळेत सोडताना वाटेत स्कूटरवर ती मागून अखंड बडबडत होती. परिचारिकेच्या घड्याळात ससा आहे, वजन दीड किलोनं वाढलंय, शाळेत एका मुलीनं पेन्सिलीचं टोक गिळलं. सिग्नलला थांबल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, दुखतं का गं तुला? "छे," ती म्हणाली, आणि पुन्हा पेन्सिलीवर गेली. इतकं चटकन म्हणाली की त्याला कळेना, विचारलं आपण की नुसतं वाटलं. शाळेच्या पायऱ्या चढताना तिनं कठड्यावर हात घासत नेला, मुलं खेळताना नेतात तसा. दहा पायऱ्या, दहाही वेळा डावा पाय आधी. हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिल्यावर त्याला दुसरं काही दिसेचना. ती दिसेनाशी झाली तरी तो स्कूटर चालू ठेवून तसाच उभा, मागचे लोक हॉर्न वाजवतायत.

ऑफिसात अर्ज साचले होते. सगळ्यात वरचा अर्ज पाठदुखीचा. त्याचा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला आणि तिथंच राहिला. पाठदुखी, तीन दिवस, प्रमाणपत्र जोडलेलं. एरवी त्यानं आधी शनिवार-रविवार पाहिला असता. मग त्या गल्लीत कुणाचं लग्न होतं का याची चौकशी, मग एक फोन. आज त्याला नुसता पाठ धरून वाकलेला एक माणूस दिसत राहिला आणि तो माणूस खोटा आहे की खरा ते काही केल्या कळेना. गंमतच म्हणायची. मुलीचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यात काही दिसणार नाही, सुरुवातीला दिसतच नाही. तो तेव्हा मनात हसला होता आणि हे घरी बायकोला सांगायचं असं ठरवलं होतं. सांगितलं नाही. त्या दिवसांत बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

बायको पावाच्या कारखान्यात. तिची पाळी पाच वाजता सुरू, घरातून साडेचारला निघते. म्हणजे भिंगरीच्या सकाळी सगळ्या त्याच्या वाट्याच्या. बायको परत यायची दुपारी, आणि दुपारपर्यंत पोरगी जिन्यावरून उड्या मारत असायची. जे होतं ते साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान, आणि ते बघायला घरात तो एकटा. आधी तर ती सांगायची, चांगली सांगायची. बाबा, पाय उघडत नाहीये. बाबा, हात अजून झोपलेत. बटण लागत नाही. दप्तराचा पट्टा धरता येत नाही. आणि तो म्हणायचा, ऊठ, नाटक पुरे, गाडी येईल. एकदा तिनं पेला टाकला, दूध सांडलं, त्यानं तिच्याकडूनच पुसून घेतलं. ती गुडघ्यावर बसेना. उभ्यानं वाकून, एका हातानं भिंत धरून तिनं पुसलं, आणि त्याला वाटलं काय ही मिजास.  तेव्हा त्याला एकच माहीत होतं. त्यानं वर्गशिक्षिकेला फोन करून त्याचा ठरलेला प्रश्न विचारला होता, अकराच्या सुमारास कशी असते? बाई म्हणाल्या, मैदानात असते, पळते की. झालं. प्रकरण निकाली निघालं. संध्याकाळी त्यानं पोरीसमोरच बायकोला हसत सांगितलं, काळजी करू नकोस, तुझ्या लेकीला मस्टरचं दुखणं झालंय.

हा शब्द त्याचाच. बारा वर्षांपूर्वी काढलेला आणि आता सगळ्या खात्यात चालणारा, अगदी वरचे साहेबसुद्धा वापरतात. खात्यात हजेरीचं पुस्तक, म्हणजे मस्टर, साडेदहाला बंद होतं. एक चावीवाला होता, रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या चाव्या फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणारा. तो म्हणायचा की सकाळी बोटं वळत नाहीत, चावी धरता येत नाही, मला दुपारची पाळी द्या. यानं अकराला त्याला बोलावून समोर चावी ठेवली. त्यानं धरली, फिरवून दाखवली. "बघा," हा सगळ्यांना म्हणाला, "मस्टर बंद झालं की दुखणं बंद." काय हसले होते लोक. चावीवालाही हसला होता थोडा. आज त्यानं शेजारच्या टेबलावरच्या हजेरीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, तो चावीवाला कुठं असतो हो हल्ली? हजेरीवाला चष्मा पुसत म्हणाला, कुठला असायला, सहा वर्षं झाली त्यानं मुदतीआधी सोडून. परवा औषधांच्या दुकानात दिसला होता. बोटं अशी झालीत, म्हणून हजेरीवाल्यानं स्वतःची बोटं बाहेरच्या बाजूला वाकडी करून दाखवली आणि परत चष्मा पुसायला लागला. यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. उठून पाणी प्यायला. परत येऊन बसला तरी पाय आपोआप हलत होता, टेबल थरथरत होतं, आणि हजेरीवाला म्हणाला, अहो, काय भूकंप करताय का?

पण मुद्दा चावीवाल्याचा नव्हता. त्याचं मन परत परत दुसरीकडेच जात होतं आणि तिथं पोचायच्या आधीच वळून येत होतं. ती शून्यं. ती कधीपासून? पहिल्या दिवसापासून. आणि पहिला दिवस म्हणजे पहिल्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशीचा. मग त्या तपासणीत झालं काय? बायकोला सुट्टी होती त्या सकाळी तिनं पोरीला जिन्यावरून बसून बसून, एकेक पायरी घसरत उतरताना पाहिलं होतं. तिनं आरडाओरडा केला नाही. खाली जाऊन लेकीला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, आणि त्याला म्हणाली, चप्पल घाल. असे ते तिघं त्या खोलीत आले होते. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीलाच विचारलं होतं, काय होतंय तुला? आणि भिंगरीनं न अडखळता, एखाद्या शहाण्या पेशंटासारखं सांगितलं होतं, "मला मस्टरचं दुखणं आहे."

तिला ते आजाराचं नाव वाटलं होतं. गोवर, कांजिण्या, तसं मस्टरचं दुखणं. बाबांनी शोधून काढलेलं नाव, म्हणजे खरंच असणार. शाळेत मैत्रिणींनाही ती तेच सांगत होती म्हणे. बाईंनी विचारलं, ते कसं असतं गं? तर म्हणाली, सकाळी असतं आणि अकरा वाजता जातं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, शाबास, अगदी नेमकं सांगितलंस, हीच तर या आजाराची खूण. आणि मग त्याच्याकडे वळून उत्सुकतेनं विचारलं, हा शब्द कुठला? मी ऐकला नव्हता. तेव्हा तो काय म्हणाला? तो म्हणाला, आमच्या ऑफिसातला आहे, गमतीचा. म्हणजे कसा? म्हणजे... खोटं दुखणं, कामचुकार लोकांचं. त्या वेळी तो बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होता, मग बायकोच्या. दोघींच्या नजरेतून कुठं निसटता येईल एवढंच त्याला सुचत होतं. टेबलावरच्या पोरीकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. ती तिथंच होती. तिनं ते ऐकलं होतं. वर्षभर आपण विश्वासानं जे नाव सांगत फिरलो त्याचा अर्थ काय, ते तिला त्या खोलीत, बापाच्या तोंडून कळलं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं शून्य लिहिलं. आणि यानं ते पाहून समाधानानं मान हलवली होती. औषध लागू पडतंय म्हणाला होता. रजेसाठी खोटं दुखणं आणणारे त्यानं शेकड्यांनी पकडले होते, पण खोटं बरं असणं घेऊन आलेलं माणूस त्याला ओळखता आलं नाही, आणि तेही रोज, चार महिने, स्वतःच्या घरात.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. गुडघ्यातलं पाणी, वही, आणि तो शब्दसुद्धा. ती भांडी लावत होती. ती म्हणाली, मला माहीत होतं. तिचा चेहरा मी बघितला होता त्या दिवशी. मग मला बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुला कुणी सांगून कधी कळलंय? यात राग नव्हता, दमलेली होती नुसती. त्यानं विचारलं, आता काय करू? काय विचारू तिला?

"तू विचारूच नकोस," ती म्हणाली. "तू विचारलंस की माणूस खोटं बोलायला लागतं."

हे त्याच्या वर्मी लागलं. जेवताना तो नुसता पोरीकडे बघत राहिला. भिंगरी म्हणाली, बाबा, माझ्या तोंडाला काही लागलंय का?

पहाटे बायको गेली त्या आवाजानं त्याला जाग आली ती आलीच. कूस बदलून बदलून तो कंटाळला. अजून अंधार होता. साडेपाच वाजले असतील, पोरीच्या खोलीतून बारीक टुंग असा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. गजर. उशीखाली ठेवलेला. साडेसहाला तो तिला उठवायचा आणि गेले चार महिने ती हाक मारायच्या आत उठून बसलेली असायची, वेणी अर्धी घातलेली. किती शहाणी झाली, असं तो म्हणायचा. तो अनवाणी उठला आणि तिच्या दारापाशी गेला. दार थोडं उघडं होतं. आत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड. ती पलंगापासून कपाटापर्यंत जात होती, भिंतीला दोन्ही हात लावून, पाय न उचलता, फरशीवरून सरकवत. कपाटाला हात लागला की वळायची आणि परत. मध्ये थांबून हाताची बोटं एका हातानं दुसऱ्याची उघडायची, एकेक. तोंडातून आवाज नाही. तासभर आधी उठून आपलं दुखणं कुणी बघायच्या आत संपवून टाकायचं, असं तिनं ठरवलेलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीनं.

त्याचा हात दार ढकलायला पुढे झाला आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आपण कसे उभे आहोत. श्वास रोखून, कडेला, आवाज न करता. आजारी रजेवरच्या माणसांच्या घरी तो असाच जायचा. खात्यात त्याला अचानक भेट म्हणत. आता आत गेलं की ती पकडली जाणार. खरं काय ते समोरच होतं, हातात सापडलं होतं, डॉक्टरीणबाईंना सांगायला पुरेसं होतं. आणि ते तसं घेतलं तर ती उद्यापासून साडेचारला उठेल. तो मागे सरला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं दिवा लावला, पातेलं मुद्दाम आपटलं, नळ सोडला, खोकला. मग तिच्या दारापुढे येऊन त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, "येऊ का आत?"

आतला सरकत्या पायांचा आवाज थांबला. पलंग करकरला. "ये ना," ती म्हणाली. "मी उठलेच होते."

ती पलंगाच्या कडेवर बसली होती, पांघरूण गुडघ्यांवर ओढून. चेहऱ्यावर तेच हसू. तो खाली फरशीवर बसला. बोलायचं काय ते त्यानं वाटेत जुळवलं होतं, ते सगळं कुठल्या कुठे गेलं. "तो शब्द माझा होता," तो म्हणाला. "चुकीचा होता. तुझं दुखणं पहिल्यापासून खरं होतं. मीच खोटा."

तिनं त्याच्याकडे बघितलं. किती पटवून घ्यायचं याचा अंदाज घेत होती. मग मोठ्या माणसानं लहानाची समजूत घालावी तसं म्हणाली, "असू दे बाबा. आता नाही दुखत."

आत्ता, या क्षणी, पाच मिनिटांपूर्वी भिंत धरून चालणारी ती हे म्हणत होती. त्याला ओरडावंसं वाटलं, मी बघितलंय म्हणून सांगावंसं वाटलं. कधीपासून, किती, कुठं, सगळे प्रश्न ओठांवर आले. त्यानं ते गिळले. पलंगाखाली तिचे मोजे पडले होते. त्यानं एक उचलला. "घालू?" पाय पांघरुणातून बाहेर आला. त्यानं पाय मांडीवर घेतला. घोटा त्याच्या तळहातात गरम लागला, आणि एवढ्या दिवसांत आपण हिच्या पायाला हातच लावला नाही हे त्याला आठवलं. मोजा बोटांवरून चढला, टाचेशी आला. त्याचे हात घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या हातांनी त्यानं तो जरा जोरातच ओढला.

दुसऱ्या पायाची लाथ त्याच्या छातीवर बसली.

"दुखतंय ना! किती वेळा सांगायचं तुला?"

तिचा चेहरा लाल झाला होता, नाक वाहत होतं. इतक्या वर्षांत तिनं त्याला लाथ मारली नव्हती, आणि या लाथेनं त्याच्या छातीवरचं काहीतरी हललं. कारण ती खरं बोलत होती. तिनं सांगितलं होतं. रोज, वर्षभर, प्रत्येक सकाळी, त्याच्याच तोंडावर सांगितलं होतं.

"आणखी एकदा सांग," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

"बरं."

त्यानं मोजा हळूच परत काढला आणि पाय तसाच मांडीवर ठेवून बसून राहिला. ती रडत होती, रागानं, आवाज करून. त्यानं तिला गप्प केलं नाही. खिडकीबाहेर उजाडायला लागलं. बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं आणि त्याच्याकडे न बघता बोट ठेवलं. हा घोटा. हा गुडघा, जिने उतरताना जास्त, चढताना कमी. या हाताची ही दोन बोटं आणि त्या हाताचं मनगट. ती भांडल्यासारखी सांगत होती आणि तो नुसती मान हलवत होता. शाळेची गाडी खाली आली, हॉर्न वाजला, परत वाजला, निघून गेली.

"आणि इथं," ती म्हणाली, आणि तिनं कानाच्या खाली, जबड्याच्या सांध्यावर बोट ठेवलं. "चावताना. इथलं मी कुणालाच नाही सांगितलेलं."